कुंकू लावलेली सीडी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो तांदळाच्या वासासकट आला. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. रायपूरच्या गुढियारीतल्या एका राइस मिलच्या मुनीमजींशी त्यांची रोजची उठबस होती. मिलमध्ये नवीन मशीन येणार होतं, जुनं कोपऱ्यात पडून राहणार होतं. बाबांनी ते मागून घेतलं. बारदान्यात गुंडाळलेला मॉनिटर आणि सीपीयू हातठेल्यावरून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आला, तेव्हा शेजारच्या बायकांना वाटलं, आमच्याकडे वर्षाचा तांदूळ आला. तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती. कीबोर्ड उलटा केला तर त्यातून कणी सांडली. सीपीयूचं झाकण उघडलं तर आत भुशाची मऊ पिवळी गादी बसली होती आणि पंख्याच्या पात्यावर एक सोंडकिडा आरामात फिरत होता.

आईनं तो सगळा संसार अंगणात मांडला. आमचं घर दोन खोल्यांचं. मागून शंटिंगचं इंजिन जायचं, डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा आणि फळीवरच्या पितळी वाट्या वाजायच्या. त्या आवाजात आई केसातला आकडा काढून कीबोर्डच्या एकेका बटणाच्या फटीतून तांदूळ काढत बसली होती. निघालेली कणी तिनं वाटीत जमा केली. मी म्हटलं, "फेकून दे नं आई." ती म्हणाली, "अन्न आहे बाप्पा ते. चिमण्या खातीन." बाबा खाटेवर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "याले म्हणते घेणं. मशीनवर तांदूळ फुकट."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो आणि संध्याकाळी कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो. मशीन माझ्यासाठी आलं होतं, यात कोणाला शंका नव्हती. पण त्यावर पहिल्यांदा नीट बोटं चालली ती आईची. कीबोर्ड पुसून तिनं टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसली. मी काही सांगायच्या आधीच तिची आठही बोटं आपापल्या जागी जाऊन टेकली होती. माझं तोंड उघडंच राहिलं. मी दोन बोटांनी टाइप करणारा. बाबा हसले. मग मला कळलं, की लग्नाआधी वर्धेला असताना आई मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली होती आणि तिला एका कचेरीतून बोलावणंही आलं होतं. ते आलं तेव्हा ती रायपूरला सासरी येऊन महिना झाला होता. रायपुरात मराठी टाइप करून कोणाला हवं होतं? बाजार हिंदीत, कचेरी हिंदीत, भाजीवाली छत्तीसगढीत. वीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो, आणि तिच्या हातांना आणखी काय येतं हे मला माहीत नव्हतं.

मिलची बिलं छापायला त्यात एक हिंदी फॉन्ट होता. त्याची बटणं जुन्या टाइपरायटरसारखीच मांडलेली. आईची दुपार त्यात जाऊ लागली. भांडी झाली, की हात पदराला कोरडे करून ती बसायची. काही अक्षरं इकडची तिकडे होती, आणि 'ळ' तर कुठे दडून बसला होता देव जाणे. तो सापडला त्या दुपारी तिनं मला शेजारच्या घरून हाक मारून बोलावलं आणि पडदाभर नुसते 'ळ' दाखवले. मग ती नावं लिहायला लागली. माझ्या आजोळची, काका-मावश्यांची, माझं. एका पानावर सगळं कुटुंब उतरलं. फक्त एका ओळीवर 'श्री.' लिहून पुढे जागा कोरी होती. आईच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं, तर ती मला पुढे करायची. आता बोटं त्या 'श्री.'पाशी थबकली आणि ती लाजून हसायला लागली.

बाबा मागून म्हणाले, "लिव्ह नं. टाइप केल्यानं काही माझं आयुष्य कमी नाही होत."

"तुम्ही चूप बसा," आई म्हणाली. "लिहिणं म्हणजे घेणंच झालं नं?"

"मंग काय मी रिकामा राहू? सगळं खानदान बसलं, मीच उभा."

"राहा उभे," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.

आज मी नवा रायपूरच्या एका कार्यालयात बसून दिवसभर लोकांची नावं कॉम्प्युटरमध्ये भरली जाताना पाहतो. त्या कोऱ्या जागेइतकं भरलेलं नाव मी दुसरं पाहिलं नाही.

मशीन मात्र आजारी होतं. मिलमध्ये कोणी कोणी काय काय त्यात घालून ठेवलं होतं. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं, की तेवढ्यात आईचा वरणाचा कुकर उतरायचा. मग मधेच आपोआप बंद. दसऱ्यानंतर माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. माझा दोस्त डोमन साहू म्हणाला, "सब साफ करके नया सिस्टम डाल दे भाई, दूसरा इलाज नहीं है." त्यानं मला एक सीडी दिली. कॉपी केलेली, वर काळ्या मार्करनं 'सिस्टम' लिहिलेली. मी आईला समजावून सांगितलं, की जुनं सगळं पुसलं जाईल, तुझं नावांचं पानही जाईल, कारण फ्लॉपीचा खण भुशानं कधीच मेला आहे. ती म्हणाली, "जाऊ दे. नावं काय, मले पाठ आहे. पण तो फॉन्ट?" मी म्हटलं, फॉन्ट डोमनकडे आहे, नवीन सिस्टम टाकलं की पहिले तुझा फॉन्ट टाकतो. "आणि या सीडीत काय आहे?" तिनं विचारलं. मला तेव्हा शिकलेलं दाखवायची फार हौस. मी म्हटलं, "हाच याचा जीव आहे आई. ही नसली तर ते नुसतं डबडं." तिनं सीडी कडेनं धरून उजेडात तिरपी केली. भिंतीवर इंद्रधनुष्याचा एक तुकडा हलला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी सुरुवात केली. निळा पडदा आला, हार्ड डिस्क पुसली गेली, आणि नेमकी लाइट गेली. गुढियारीत तेव्हा ती अशीच जायची. मी सीडी काढून टेबलावर ठेवली आणि उरलेलं काम सकाळवर टाकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. हत्यार म्हणजे ज्यानं हात चालतात ते सगळं. पाटावर विळी, सुरी, कात्री, बाबांचा पंच, स्टॅम्पपॅड, सायकलचा पाना, आईची शिलाई मशीन बाजूला. पूजा झालेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, तिलाही सुट्टी. म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असायची आणि जेवायला पाटवडीचा रस्सा, कारण वड्या आदल्या दिवशी पाडून झालेल्या. मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर घरभर उदबत्तीचा आणि खसखशीच्या वाटणाचा वास. पाटावर सगळ्यात मधे, विळीच्याही पुढे, आईनं सीडी ठेवली होती. चमकती बाजू वर. आईला तेच सीडीचं तोंड वाटलं असणार. तिच्यावर ओल्या हळदी-कुंकवाची बोटं, अक्षता, दुर्वांची जुडी. आई हात जोडून उभी होती.

मी सीडी उचलली. अक्षता खाली सांडल्या. बनियनच्या टोकानं पुसली. कुंकू ओलं, ते पसरलं. धुतली, पुसली, आणि पूजेचा दिवस आहे हे विसरून मशीनमध्ये घातली. निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी सरकू लागली. आई-बाबा दोघं माझ्या मागे उभे. पट्टी एक तृतीयांशाच्या जरा पुढे गेली आणि थांबली. मशीन घरघरलं. फाइल वाचता येत नाही, असं लिहून आलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. साबणानं धुऊन लावली, तिथेच. जुनं मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं, नवीन येत नव्हतं. दसऱ्याचा दिवस मधे, मग परीक्षा.

मी आईवर ओरडलो. "काहून हात लावला? तुले काय समजते यातलं? कुंकू खाते का हे मशीन?" आणखीही काही बोललो. ते लिहीत नाही. लाज वाटते म्हणून, आणि आईनं हे वाचू नये म्हणूनही. ती एवढंच म्हणाली, "तूच म्हटलं होतं नं, जीव आहे त्यात." मग खाली सांडलेल्या अक्षता वेचायला बसली. जेवताना तिनं मला दोनदा रस्सा वाढला आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "परीक्षेत नापास झाला तर पेपरले कुंकू लाव म्हणा." कोणी हसलं नाही.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं मी डोमनच्या घरी गेलो. त्याच्या आईनं हातावर सणाच्या फराळाची ठेठरी-खुरमी ठेवली. मी सीडी पुढे केली. डोमननं ती उलटसुलट पाहिली. मधल्या भोकाच्या कडेला लाल रेघ राहिली होती. "ये लाल-लाल क्या है बे? इसकी शादी करा दी?" मी काही सांगायच्या आधीच तो पुढे म्हणाला, "थोड़ा आगे जा के अटक गई न?" मी मान हलवली. त्यानं कपाळावर हात मारला. "हव भाई, गलती मोर हे. ये तो खराब वाली है. मोर घर घलो ओही जगा अटके रिहिस. बताना ही भूल गया." म्हणजे त्याच्या घरीही ती त्याच जागी अटकली होती. कुंकू लागायच्या कितीतरी आधी. त्यानं दुसरी सीडी दिली, फॉन्ट असलेली तिसरीही दिली. मी सायकल हाणत घरी आलो. वाटेत रावण बांधत होते. मला आठवतं, मी खूश होतो. आईला जाऊन काय सांगायचं हे मी मनात जुळवतही होतो.

दुसरी सीडी घातली. पट्टी त्या जागेवरून नुसती वाहत गेली. बाबा म्हणाले, "शाब्बास पोट्ट्या!" आणि खरंच पाठीवर थाप मारली. तशी थाप ते क्वचित मारत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणकेचे हात पुढे धरून. तिनं विचारलं, "झालं दुरुस्त? माझ्याच कुंकवानं बिघडलं होतं नं?"

मी "हो" म्हटलं.

त्या एका अक्षराचं कारण मी इतकी वर्षं शोधतो आहे. बाबांच्या समोर एवढा ओरडलो होतो, ते परत कसं घ्यायचं हे मला कळलं नाही. पाठीवरची थाप अजून गरम होती. वाटलं, उद्या सांगू. संध्याकाळी मी फॉन्ट टाकला आणि आईला हाक मारली. ती आली, पण उंबऱ्याच्या पलीकडेच थांबली. "राहू दे रे. तुझी परीक्षा होऊ दे." परीक्षा झाली, पास झालो. "तुले नोकरी लागू दे, मंग पाहू. माझा हात नको लागायले." नोकरी लागली. तोवर तो विषयच घरातून उठून गेला होता.

उरली ती बाबांची थट्टा. टीव्ही बिघडला, मिक्सर अडकला, पंखा फिरेना, की बाबा मान वर न करता विचारायचे, "कुंकू लावलं का वं?" आई म्हणायची, "हो, दोन बोटं." पाहुणे आले, की बाबा तो किस्सा रंगवून सांगायचे. दर वेळी मशीन थोडं महाग व्हायचं आणि कुंकू थोडं जास्त. सगळे हसायचे. आईही हसायची. मीही. बाबा तिच्यावर फार माया करत, आणि ही त्यांची माया दाखवायची रीत होती, हे मला माहीत होतं. म्हणूनच ती थट्टा मोडवत नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलो. पण दर खंडेनवमीला आई सगळ्या हत्यारांना बोटं लावून झाल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि लांबूनच चार अक्षता टाकायची. आणि कधी भजनाला, कधी नुसतीच टीव्हीसमोर बसलेली असताना तिच्या मांडीवर तिची बोटं हलायची. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, ताल धरते आहे. मला ती मांडणी ओळखू यायची.

बाबा गेले. शेवटच्या आजारात सलाइनची नळी अडली तेव्हाही त्यांनी आईला तेच विचारलं होतं. मी त्यांच्या उशाशी होतो. तेव्हाही बोललो नाही.

यंदा आमच्या कार्यालयातली जुनी मशीनं निघाली, तेव्हा मी त्यातलं एक घेऊन आलो. माझी मुलगी रेवा मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, ये कबाड़ क्यों उठा लाए? मेरे पास लैपटॉप है न." मी म्हटलं, आजीसाठी आणलं. ती म्हणाली, "आजी तो फ़ोन को भी हाथ धो के पकड़ती है." खंडेनवमीच्या दुपारी मी ते साफ करून नवीन सिस्टम टाकायला बसलो. आता सीडी नसते, पेनड्राइव्ह असतो, आणि टाइपरायटरची मांडणी आतच मिळते, फक्त निवडावी लागते. आई दारात येऊन उभी राहिली. हातात अक्षतांची वाटी. पांढरे केस, चष्मा. ती म्हणाली, "मी काही हात नाही लावला बरं. इथूनच टाकतो."

पट्टी सरकत होती. मी खुर्ची वळवली आणि सांगितलं. डोमननं काय म्हटलं होतं ते, आणि मी 'हो' का म्हटलं ते, जेवढं मला समजलं तेवढं. रेवा मोबाइलवरून मान वर करून ऐकत होती.

आईनं वाटीतले तांदूळ बोटानं सारखे केले. मग म्हणाली, "म्हणजे कुंकवानं नव्हतं बिघडलं?"

"नाही आई."

"तुझ्या बाबाले माहीत होतं?"

"नाही."

"त्यायले सांगायले पाहिजे होतं रे," ती म्हणाली. "मले काय. पण त्यायले सांगायले पाहिजे होतं. जाईपर्यंत ते तसंच समजत राहिले."

तिचा आवाज चढला नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रेवा उठली, आजीजवळ गेली आणि म्हणाली, "पापा, आप भी न."

आई आत गेली. नळाचा आवाज आला. मला वाटलं, तोंड धुते आहे. पण ती हात धुऊन, पदराला पुसत बाहेर आली. देवाजवळची हळदी-कुंकवाची कोयरी तिनं सोबत आणली होती. सीपीयूच्या पत्र्यावर तिनं दोन बोटं ओढली, एक हळदीचं, एक कुंकवाचं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. ती खुर्चीत बसली. मी म्हटलं, "आज पूजा झाली नं, आज तर चालवायचं नसते."

"माझी इतकी वर्षं सुट्टीच झाली," ती म्हणाली. "मले नको शिकवू."

सिस्टम चढलं. मी मांडणी निवडून कोरं पान उघडून दिलं. बोटं जागेवर गेली, पण आता ती वाकडी झाली आहेत, करंगळी वरच्या ओळीपर्यंत पोचत नाही. अक्षरं चुकत होती, ती पुसून परत लिहीत होती. मला वाटलं, मागच्यासारखी सगळ्यांची नावं लिहील, आता रेवाचंही लिहील. तिनं कोणाचंच लिहिलं नाही. तिनं 'श्री.' लिहिलं आणि थांबली. मग एकेक बटण शोधत पुढे बाबांचं नाव लिहिलं. मनोहर. ओठ मिटलेलेच होते. खालच्या ओळीवर लिहिलं, 'अहो, कुंकवानं नव्हतं बिघडलं.'

मग हात मांडीवर घेऊन ती मला म्हणाली, "हे पुसू नको बरं."